काहिलीभोवती मधमाश्या

आमच्याकडं हिवाळा आला हे कळायला पंचांग उघडावं लागत नाही. उसानं भरलेल्या ट्रॉल्या रस्ता अडवायला लागल्या आणि त्यांच्या मागं अडकलेले दुचाकीवाले एकमेकांचा उद्धार करायला लागले, की हंगाम सुरू झाला असं समजायचं. यंदाही तो तसाच सुरू झाला. परवा कॉलेजातून शिवाजी पेठेतल्या घरी येताना मी कोपऱ्यावरच्या रसाच्या गाड्यापाशी थांबले. पिळून टाकलेल्या चिपाडाच्या ढिगावर मधमाश्या बसल्या होत्या. गाडेवाल्यानं फडकं झटकलं. त्या उठल्या, थोडा वेळ घोटाळल्या आणि पुन्हा त्याच चिपाडावर येऊन बसल्या. पुन्हा फडकं, पुन्हा त्या. मी रस न पिताच निघाले. जिना चढताना मला रडू फुटलं ते घरात जाऊन बसल्यावरही थांबेना. अव्वा गेली तेव्हा आल्यागेल्याचा चहा बघण्यात माझं रडायचं राहूनच गेलं होतं.

अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर गडहिंग्लजकडचं. तिकडच्या मराठीत कानडी इतकी मुरलेली असते की कुठली कुठं संपते ते बोलणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. म्हणून आमच्या घरात आई ही अव्वा आणि वडील आण्णा. ती यंदाच्या पावसाळ्यात गेली. म्हणजे तिच्याशिवायचा हा पहिला गुळाचा हंगाम. आणि गुळाचा हंगाम म्हटलं की मला एकच हंगाम आठवतो, मी नववीत असतानाचा.

आमचं गुऱ्हाळ गडमुडशिंगीला होतं. गावाच्या बाहेर, विहिरीच्या कडेला, चारही बाजूंनी उघडी छपरी. एका अंगाला ऊस पिळायचा चरक, मधे जमिनीत खोदलेलं चुलवाण आणि त्याच्यावर काहील. काहील म्हणजे एवढी मोठी लोखंडी कढई की लहानपणी मला वाटायचं, आमचं अख्खं घर हिच्यात बसेल. रस उकळायला लागला की वर काळपट मळी येते. ती गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, लांब दांड्याच्या झाऱ्यानं काढून बाजूला टाकत राहतो. मग रस पिवळा होतो, मग लालसर, मग त्याचे बुडबुडे जड होतात. त्या वेळी गुऱ्हाळात कुणी कुणाशी बोलत नाही. आण्णा तर त्या वेळी हाक मारली तरी ओळख दाखवायचे नाहीत. त्यांच्या हातच्या गुळाला मार्केट यार्डात नाव होतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आम्ही जैन. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, पाणी गाळून प्यायचं, चुलीत घालायचं लाकूड आधी आपटून घ्यायचं, आत मुंगी-किडा असेल तर निघून जावा म्हणून. मध तर औषधालासुद्धा घरात यायचा नाही, कारण तो काढताना माशी मरते. आणि अशा घराचा पोटाचा धंदा गुऱ्हाळाचा. उघड्या छपरीत, भर उन्हात, गोड रसाची एवढी मोठी काहील. माश्या येणारच. काठावर बसायला जायच्या, वाफेनं भोवंडून आत पडायच्या आणि मळीबरोबर झाऱ्यातून बाहेर यायच्या. गावातल्या कुठल्याच गुऱ्हाळात याचं कुणाला काही वाटत नसे. उसाबरोबर पाचट यावं तशा गुळाबरोबर माश्या, एवढंच.

अव्वाला मात्र वाटायचं. दुपारी आण्णांची भाकरी घेऊन ती गुऱ्हाळावर यायची आणि त्यांचं जेवण होईतोवर मळीच्या ढिगापाशी बसून राहायची. हातात उसाच्या पानाचा तुकडा. मळीत एखादी माशी पाय हलवताना दिसली की पानाच्या टोकानं तिला अलगद उचलायची आणि विहिरीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवायची. मी शाळेतून आले की शेजारी बसायचे. त्या चिकट झालेल्या माश्या आधी नुसत्या पडून राहत. मग एखादी पुढचे पाय तोंडावरून फिरवायची, मागचे पाय पंखांवरून ओढायची, पोट वरखाली करायची. कधी कधी दुसरीच एखादी माशी येऊन तिच्या अंगावरचा रस चाटून जायची. ती मदत होती की भूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काही उडून जायच्या. पुष्कळशा उन्हात वाळून जायच्या. विजेच्या तारेवर वेडे राघू ओळीनं बसलेले असायचे. त्यातला एखादा सूर मारायचा, नुकतीच उडालेली माशी चोचीत धरून पुन्हा तारेवर यायचा आणि तिला तारेवर घासून, नांगी काढून, गिळायचा. अव्वा वर बघायची आणि म्हणायची, त्याचं पोट त्याच्यापाशी. त्याच्यावर तिचा राग नव्हता.

आज मी हे सगळं वर्गात शिकवते. मधमाशी काय खाते, किती लांब जाते, फूल कसं ओळखते. मुलं लिहून घेतात. पण माश्या गुऱ्हाळावर का येतात, ते पुस्तकात नाही. रानात फूल असलं तर माशी गुऱ्हाळाकडं ढुंकूनही बघत नाही. आमच्या आजोबांच्या वेळी बांधावर कारळे असायचे, मधल्या पट्ट्यात हुलगा, तीळ, कडेला शेवरी. दिवाळीच्या सुमाराला कारळ्याची पिवळी फुलं अशी फुलायची की बांधावरून चालताना धोतराला पराग लागायचा, असं आण्णा सांगतात. मग विहिरीला पंप बसला आणि बांधापासून बांधापर्यंत ऊस आला. आम्हीच लावला, दुसऱ्या कुणी नाही. उसाला तुरा यायच्या आत तो तुटतो, आणि आला तरी त्यात माशीच्या पोटाला काही नसतं. कोल्हापूरला येणारे पाहुणे गाडीतून बघतात आणि म्हणतात, काय हिरवंगार आहे हो तुमच्याकडं. आहेच. नजर पोचेल तिथवर हिरवं आणि त्यात एक फूल नाही. भरल्या घरात उपाशी राहावं तशा त्या माश्या त्या हिरव्यातून उडत उडत आमच्या काहिलीपर्यंत यायच्या.

नववीतल्या त्या हंगामात अव्वाला एक युक्ती सुचली. माश्यांना रसच हवा आहे ना, मग त्यांना त्यांचा वाटा वेगळा काढून द्यावा. त्या तिकडं खातील, काहिलीकडं येणार नाहीत. घासातला घास काढून ठेवणारी बाई, तिला हेच सुचायचं. तिनं घरातली पितळी परात आणली, कच्चा रस ओतला, त्यात चिपाडाचे तुकडे टाकले, बसायला जागा हवी म्हणून, आणि परात विहिरीच्या पलीकडं शेवग्याखाली ठेवली. पहिल्या दिवशी कुणी फिरकलं नाही. मुंगळे आले आणि एक सरडा येऊन बघून गेला. ती जरा हिरमुसली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर एक माशी आली. परातीच्या काठावर बसून बराच वेळ रस पीत राहिली, मग उठून परातीभोवती दोन-तीन वेढे घेतले, प्रत्येक वेढा आधीपेक्षा मोठा, आणि सरळ रेषेत निघून गेली. अव्वानं मला हाक मारून दाखवलं. पाहुणा जेवून तृप्त होऊन गेल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर होता.

ती एकटी गेली, पण परत एकटी आली नाही. चार-पाच दिवसांत परात काळी दिसायला लागली. रस कमी पडायला लागला, अव्वा पुन्हा ओतायला लागली. आणि जेवढ्या माश्या परातीवर, त्याच्या दुप्पट काहिलीवर. शेवग्यापासून काहील कितीशी लांब असणार? माशीनं घरी जाऊन सांगितलं ते एवढंच की तिकडं खाणं आहे. परातीतलं कुणाचं आणि काहिलीतलं कुणाचं, ही वाटणी फक्त अव्वाच्या मनात होती. गुळव्या कुरकुरायला लागला. चुलवाणात चिपाड टाकणाऱ्या माणसाच्या पापणीला माशी चावली आणि त्याचा डोळा झाकून गेला. झाऱ्यात मळी कमी आणि माश्या जास्त यायला लागल्या.

आण्णा तिला कधी मोठ्यानं बोलायचे नाहीत. त्या दिवशी भाकरी खाता खाता एवढंच म्हणाले, "तू पंगत मांडलीस. त्यास्नी वाटलं, गावजेवण हाय."

दुसऱ्या दिवशी अव्वानं परात उचलली, घासली आणि घरी नेली. हे सगळ्यात वाईट झालं. सकाळी उन्हं आली तशा माश्या सवयीनं शेवग्याखाली आल्या. जिथं परात होती तिथं जमिनीवर घिरट्या घालत राहिल्या, ओल्या मातीवर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. आणि मग सगळ्या मिळून छपरीत शिरल्या. त्या दिवशीचं आधण, म्हणजे एका वेळी काहिलीत चढवलेला रस, मी विसरू शकत नाही. काहिलीवरची वाफ दिसत नव्हती, एवढ्या माश्या. माणसं डोक्यावरून पोती घेऊन बाहेर पळाली. आण्णा एकटे झारा मारत उभे होते, तोंडावर पंचा गुंडाळून. मळीचा ढीग त्या दिवशी करड्या-तपकिरी रंगाचा होता. अव्वा पान घेऊन बसली खरी, पण कुठली उचलायची हेच तिला कळेना. थोड्या वेळानं तिनं पान खाली ठेवलं.

संध्याकाळी ती गावातल्या बस्तीत, आमच्या जैन मंदिरात गेली आणि देवासमोर नियम घेऊन आली. गूळ बंद, साखर बंद, गोडाचा कणही बंद, जन्मभर. घरी आल्यावर तिनं ते सांगितलं ते भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं. आण्णा ऐकून घेऊन बाहेर अंगणात गेले आणि बराच वेळ बैलांपाशी उभे राहिले.

आता कोल्हापुरात गोड सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. इथं तिखट खाऊन डोळ्यांत पाणी आलेल्या माणसालाही वरून गुळाचा खडा देतात. पाहुण्याला फिका चहा देणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणं. अव्वा लग्नघरी गेली की बायका विचारायच्या, शुगर हाय काय ओ तुम्हाला? मग कुणी कारल्याचा रस सांगायचं, कुणी इचलकरंजीचा डॉक्टर सांगायचं. ती हसून ऐकून घ्यायची. खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही, याचा तिला चांगलाच सराव झाला. संक्रांतीला ती सगळ्यांना तिळगूळ द्यायची, सगळ्यांचा घ्यायची आणि पदराच्या टोकात बांधून आणायची. मग परड्यातल्या भिंतीच्या कडेला तो चुरून ठेवायची. मुंग्यांची ओळ यायची. समोरासमोर आलेल्या मुंग्या वाटेत थांबून एकमेकींच्या तोंडाला तोंड लावायच्या आणि पुढं जायच्या. एकेका मुंगीच्या तोंडात तिच्यापेक्षा मोठा तीळ. अव्वा उकिडवी बसून ते शेवटपर्यंत बघायची. मी एकदा चिडून म्हटलं, या मुंग्या तरी बघ, गोड खातात आणि गोड बोलतात, तू दोन्ही सोडलंस. तिला हसू आलं. आण्णांना आलं नाही.

कारण आण्णांना ते लागलं होतं, खोल. हंगामाचं पहिलं आधण उतरलं की गुळाचा पहिला खडा ते देवापुढं ठेवायचे आणि दुसरा अव्वाच्या हातावर. ती खाऊन सांगायची, बरा झालाय, किंवा रस निवळायचा चुना जरा जास्त पडलाय. तिच्या जिभेवर त्यांचा यार्डातल्या दलालापेक्षा जास्त विश्वास. त्या हंगामानंतर त्यांनी तो दुसरा खडा कुणालाच दिला नाही. मी समोर उभी असायचे, तरी नाही. न चाखताच गूळ गाडीत चढायचा. पुढंही त्यांच्या गुळाला नाव मिळतच राहिलं. पण घरी येऊन ते सांगणं त्यांनी सोडून दिलं.

पुढच्या हंगामापासून त्यांनी आधणाची वेळ बदलली. उजाडायच्या आधी चुलवाण पेटायचं आणि उन्हं तापायच्या आत गूळ गार करायच्या वाफ्यात ओतून झालेला असायचा. माणसं थंडीनं कुडकुडत शिव्या द्यायची. सौद्याला लवकर गूळ पोचवायला असतंय ते, असं अव्वा शेजारणींना सांगायची. तिला खरंच तसं वाटत होतं. मला कारण कळलं ते कॉलेजात शिकवायला लागल्यावर. थंडीत मधमाशी ऊन लागल्याशिवाय पोळ्यातून बाहेर पडत नाही. मी सुट्टीला घरी आल्यावर आण्णांना विचारलं, तर म्हणाले, गारठ्यात गूळ चांगला धरतो. आणि विषय उसाच्या बेण्यावर नेला. तरी मोठं आधण असलं, चरक मधेच बिघडला, की उन्हं वर यायचीच आणि माश्या मरायच्याच. कमी मरायच्या, एवढंच.

त्याच सुट्टीत मी अव्वालाही माशीच्या नाचाबद्दल सांगितलं. खाणं सापडलेली माशी पोळ्यात परत जाते आणि तिथल्या अंधारात बाकीच्यांच्या गर्दीत नाचून सांगते. जवळ असेल तर गोल फिरते. लांब असेल तर अंग हलवत सरळ चालते, आणि त्या चालण्यावरून बाकीच्यांना कळतं, सूर्याच्या कुठल्या अंगाला जायचं, किती लांब जायचं. मी जरा भीतभीतच सांगितलं होतं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, ते मला तवाच कळलं हुतं, फकस्त नाचत्यात ते म्हाईत नव्हतं. मग थोड्या वेळानं म्हणाली, बरं हाय त्यांचं, एकीला कळलं की सगळ्यांना कळतंय.

गुऱ्हाळ पुढं पुष्कळ वर्षं चाललं. मी शिकले, नोकरीला लागले, शिवाजी पेठेत घर केलं. आण्णांचे गुडघे गेले तेव्हा चरक विकला. छपरीचे पत्रे वादळात गेले ते पुन्हा घातले नाहीत. दोघं माझ्याकडं राहायला आली. अव्वाचा नियम इथंही चालू. खालच्या गल्लीत फुटबॉलची मॅच जिंकली की पोरं घरोघर पेढे वाटतात. तो पेढाही ती खिडकीत ठेवायची, मुंग्यांसाठी.

यंदाच्या पावसाळ्यात तिनं अंथरूण धरलं. खाणं हळूहळू तुटत गेलं. एका दुपारी मी मोसंबीचा रस घेऊन गेले. तिनं आधी विचारलं, साखर न्हाय न्हवं? नाही म्हटल्यावर दोन चमचे घेतले. बाहेर पाऊस होता, आण्णा पुढच्या खोलीत झोपले होते. मला कुठून धीर आला कोण जाणे, मी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. म्हटलं, अव्वा, तू गूळ सोडलास, पण तेव्हा आण्णांना गुऱ्हाळच बंद करा असं का नाही म्हणालीस?

"म्हटलं असतं तर केलं असतं की त्यांनी," ती म्हणाली. "म्हणून म्हटलं न्हाय."

मग थांबत थांबत बोलली. त्यांना दुसरं काय येत होतं? गुळाचं नाव निघालं की त्यांचा चेहरा कसा व्हायचा, तू बघितलायस. ते काढून घेतलं असतं तर माश्या वाचल्या असत्या आणि माणूस गेला असता. ज्याच्यापायी त्या मरत्यात ते आपण खायचं नाही, एवढंच आपल्या हातात. एवढं बोलून तिला धाप लागली. मी तिचे ओठ पुसले. पुढच्याच आठवड्यात ती गेली.

हे आण्णांना सांगावं की नाही, यात माझे महिने गेले. सांगितलं तर त्यांना बरं वाटेल असं मला वाटत होतं. तिनं त्यांचा गूळ टाकला नव्हता, त्यांना जपलं होतं, हे त्यांना कळायला हवं होतं. रसाच्या गाड्यावरून रडत घरी आल्यावर मी ठरवलं. रविवारी त्यांना गाडीत घालून गडमुडशिंगीला नेलं.

आमची छपरी नव्हतीच. पण रस्त्याच्या पलीकडं एकाचं गुऱ्हाळ चालू होतं. आता तशी थोडीच राहिलीत. तिथल्या माणसांनी आण्णांना ओळखलं, खुर्ची दिली, रसाचा पेला दिला. आण्णांनी काहिलीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, माशी लई कमी झाली की. खरंच कमी होती. मळीच्या ढिगावर तुरळक दिसत होत्या, काही हलत होत्या. कमी मरतात म्हणून बरं वाटायला हवं होतं. पण त्या कमी का झाल्या हे मला माहीत आहे, त्यामुळे बरं वाटलं नाही.

तिथंच, खुर्चीशेजारी पोत्यावर बसून मी त्यांना सांगितलं. अव्वा काय म्हणाली, जसं म्हणाली तसं. ते काहिलीकडं बघत ऐकत होते. गुळव्यानं दोनदा झारा मारला तरी त्यांची नजर काहिलीवरून हलली नाही. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसावं.

"मी बंद करणारच हुतो," ते म्हणाले. "त्याच सालात. ऊस कारखान्याला घालायचं मनात पक्कं केलं हुतं. आन् त्याच सांजंला तिनं गूळ सोडला. मला वाटलं, गुऱ्हाळ चालावं, पोरगी शिकावी, म्हणून पाप आपल्या अंगावर घेतीया. मग बंद कसं करू? तिचं सोडणं फुकट गेलं असतं."

म्हटलं, आण्णा, तिला एकदा विचारायचं होतंत.

"ती म्हणंल म्हणून वाट बघत हुतो," ते म्हणाले.

गुळव्यानं झारा उपसून आमच्या पुढ्यात मळी टाकली. तिच्यात दोन-तीन माश्या होत्या. एक अजून पाय हलवत होती. आण्णांनी वाकून त्यांच्याकडं बोट केलं.

"मग ह्या एवढ्या वर्षं कशापायी मेल्या गं?"

मी प्राणिशास्त्र शिकवते. मी उसाच्या पानाचा तुकडा घेतला आणि पाय हलवणारी ती माशी अलगद उचलली.